पंप अजून आला नाही

चूक तशी दिव्याची नव्हतीच. पण तो माणूस भिजल्या कपड्यांनी दुकानात शिरला, हेडलाइटचं खोकं काउंटरवर ठेवलं आणि म्हणाला, "उजवीकडचा मागितला होता मी. हा बसत नाही."

भाचीनं खोकं फिरवून नंबर पाहिला. गाड्यांचे सुटे भाग विकायचं हे दुकान मामाचं, पण मामाची नजर अधू झाल्यापासून सगळा कारभार तिच्याच गळ्यात. दिवा उजवाच होता.

"समोर उभं राहून बघितलंत ना?" तिनं विचारलं. "गाडीचं डावं-उजवं आत बसून ठरतं, साहेब."

तो असा काही ओशाळला की तिला हसू दाबता येईना. त्या दिवसापासून मामा-भाचीत त्याचं नाव पडलं उलटेसाहेब.

गाडी त्याच्या वडिलांची. वडील गेले, घर विकलं, आणि कुठल्या तरी लांबच्या शहरात त्याला नोकरी लागली. गॅरेजवाल्यांनी त्या गाडीला हात जोडले, म्हणून हा पठ्ठ्या स्वतःच पाने-पक्कड घेऊन तिच्याखाली शिरला होता. गाडी चालू झाली की तीच घेऊन जायचं, कायमचं. हे त्यानं आधीच सांगून टाकलं होतं, लपवाछपवी काही नव्हती. पण मन कुठे ऐकतं?

तो यायचा, ग्रीसनं काळी झालेली बोटं पाठीमागे लपवत. कधी ब्रेकसाठी, कधी पंख्याच्या पट्ट्यासाठी, कधी... नुसताच. ती खाली मान घालून नंबर शोधायची, आणि त्याची नजर तिला वर न बघताही कळायची. आज काय मोडून आणलंत, असं तिनं विचारलं की तो म्हणायचा, आज काहीच मोडलं नाही, तीच तर पंचाईत आहे. बाहेर दिवसदिवस मळभ असायचं. आणि एकेक वस्तू ती त्याच्या हाती द्यायची. त्याच्या जाण्याची तयारी ती आपल्याच हातानं करून देत होती.

शेवटी राहिला इंजिनात पाणी फिरवणारा पंप. इतक्या जुन्या गाडीचा मिळणं मुश्कील. तिनं चार ठिकाणी शब्द टाकला, आणि तो आला. तिनं खोकं उघडून पाहिलं... आणि फिल्टरच्या खोक्यांमागे सरकवून दिलं. संध्याकाळी उलटेसाहेबांनी विचारलं तेव्हा "नाही हो, अजून नाही आला" म्हणताना तिची जीभ जराही अडखळली नाही. तिचं तिलाच नवल वाटलं. दुसऱ्या दिवशी तेच, त्यानंतरही तेच.

मग एका दुपारी तो आला तो तोंड पाडूनच. सोमवारी हजर व्हा, नाहीतर दुसऱ्याला घेतो, असा नोकरीवरून फोन आला होता. आता तो बसनं जाणार होता. गाडीचं भंगारवाल्याला सांगून ठेवलं होतं.

"बाबा दर रविवारी धुवायचे तिला," तो म्हणाला. बस, एवढंच.

ती आत गेली आणि पंप आणून त्याच्यापुढे ठेवला.

"हा... केव्हा आला?"

"झाले बरेच दिवस."

"मग दिला का नाहीत?"

"गाडी चालू झाली असती."

त्यानं पंप उचलून हातात फिरवून पाहिला. रागवावं की काय करावं, त्याला सुचत नसावं.

"तेव्हाच दिला असतात तर मी गेलोच असतो," तो हळूच म्हणाला, "मनातलं मनातच ठेवून. येता माझ्याबरोबर?"

आत मामा एक नट बोटांनी चाचपून माप ओळखू पाहत होता. आईबाप गेल्यावर याच माणसानं तिला पोटच्या पोरीसारखं वाढवलं होतं. तिनं नुसतं तिकडे पाहिलं. उलटेसाहेबांना या वेळी सगळं सुलटच कळलं. त्यानं पुन्हा विचारलं नाही.

पंप दोघांनी मिळून बसवला. तिनं बोल्ट आवळले, त्यानं पाणी भरलं, आणि गाडी चालू झाली. खिडकीची काच खाली करून तो म्हणाला, "मी येईन परत."

"या ना. पण काही बिघडलं म्हणून येऊ नका," ती म्हणाली. "सगळं धड असताना या."

गाडी निघाली. ती रस्त्यात उभी राहून कान देऊन ऐकत राहिली... कुठे खडखडतंय का, पट्टा कुरकुरतोय का. छे, सगळं सुरळीत होतं. पंप तर उत्तमच बसला होता. तेव्हा मात्र तिला रडू आवरेना.