क्लिओफस मामाच्या टेपवरचा चौथा आवाज

हे मी ऐकीव सांगत नाही. त्या खोलीत मी स्वतः उभी होते.

१९६२ साल. मेम्फिस. ऑगस्टमधल्या एका रविवारची भर दुपार.

चर्च सुटलं आणि आम्ही थेट क्लिओफस मामाच्या स्टुडिओत आलो. स्टुडिओ कसला, बंद पडलेली लॉन्ड्री ती. आठवडाभर मामा लोकांचे केस कापायचा आणि रविवारी रेकॉर्ड कंपनीचा मालक व्हायचा. आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर मामीच्या गोधड्या ठोकलेल्या. मध्ये एक जुनं टेप मशीन.

कंपनीची पहिलीच रेकॉर्ड. गाणाऱ्या आम्ही तिघी... मी, व्हर्नेल आणि अर्नेस्टिन.

मामाने दाराला कडी लावली. घरघर नको म्हणून पंखाही बंद केला.

गाणं झालं. त्याने टेप मागे फिरवली, लावली...

टेपवर चौघी गात होत्या.

चौथा आवाज हळू होता. आमच्या मागून कुठूनतरी येणारा. पण अगदी सुरात.

"मशीन जुनं झालंय," व्हर्नेल पुटपुटली.

"जुन्या मशीनला गळा फुटतो का गं?" मामा म्हणाला.

मग त्याने अर्नेस्टिनकडे बघितलं. शिकागोची एक मोठी कंपनी तिला बोलावत होती, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं.

"कुणाला लपवलंयस? आमची टेप नासवायला?"

"मामा, सहा वर्षं तुमच्याबरोबर चर्चमध्ये गातेय मी. आणि आज मला हे विचारता?"

मामाने एकेक गोधडी ओढून काढली.

मागे नुसती भिंत...

पुन्हा गायलो. पुन्हा चौघी.

मामाने कडी काढली. "चल, नीघ."

अर्नेस्टिनने टोपी उचलली आणि माझ्याकडे बघितलं. ती चर्चपासून माझाच हात धरून आली होती. तिने कुणाला आणलं नव्हतं, हे मला पक्कं माहीत होतं.

पण मी गप्प राहिले. मला रेकॉर्डवर गायचं होतं.

तिसऱ्यांदा आम्ही दोघीच गायलो.

टेपवर... तिघी.

अर्नेस्टिनची ओळ कुणीतरी गात होतं. आणि आता तो आवाज मागून येत नव्हता. माझ्या अगदी शेजारून येत होता.

मामाने टेप पुन्हा पहिल्यापासून लावून ऐकली. मग म्हणाला, "हीच छापायची."

रेकॉर्ड तुफान चालली. सलूनमध्ये, गॅरेजमध्ये, घराघरांतल्या रेडिओवर तेच गाणं.

ऑक्टोबरमध्ये मी अर्नेस्टिनच्या घरी गेले. ती पायरीवर बसून शेंगा सोलत होती. मी माफी मागितली. तिने मान वर केली नाही.

"माझ्या जागी कुणाला घेतलंत?"

"कुणालाच नाही."

"लॉरीन, आता तरी खोटं बोलू नकोस."

"आईशप्पथ. आम्ही दोघीच होतो."

तिचे हात थांबले. माझ्या चेहऱ्याकडे ती बराच वेळ बघत राहिली. मग सरकून तिने मला पायरीवर जागा करून दिली.

"त्या लांब ओळीत आपण तीनदा श्वास घेतो ना?" तिने हळूच विचारलं.

"हो."

"मी रेडिओला कान लावून ऐकलंय गं..."

"काय?"

"ती एकदाही घेत नाही."

आज इतकी वर्षं झाली. चर्चमध्ये अजून गाते मी. पण शेजारी नवी बाई उभी राहिली, की माझं लक्ष गाण्यात राहत नाही...

आधी तिचा श्वास ऐकते.