टाकीपासून इंजिनापर्यंत

ट्रक बंद पडला तो भर दुपारी, भर चौकात, आणि मागे हॉर्नची रांग लागलेली असताना.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली ती हिरवी अवाढव्य गाडी. तिच्या उंच सीटवर घामाघूम झालेली ती एकटीच. खरं तर ती कानाच्या दवाखान्यात लोकांची श्रवणशक्ती तपासायची. वडिलांचा ट्रक आठवड्यातून एकदा फिरवून आणायचा, एवढाच तिचा ड्रायव्हिंगचा अनुभव. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"तहान लागलीय तिला," खालून आवाज आला.

तिने वाकून पाहिलं. कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, कानामागे पेन्सिल, काखेत पावाची पुडी.

"कोणाला?"

"गाडीला. समोरच माझं गॅरेज आहे, खोकला ऐकूनच आलो. इंजिन तापलं की नळीतल्या पेट्रोलची वाफ होते. पंपाला वाफ ओढता येत नाही, बिचारा नुसताच दमतो... तुमचा स्कार्फ द्याल?"

"माझा?"

"माझ्याकडे असता तर माझाच घेतला असता."

गळ्यातला निळा स्कार्फ तिने काढून दिला. त्याने बॉनेट उघडलं, स्कार्फवर बाटलीतलं पाणी ओतलं आणि पंपाभोवती अलगद गुंडाळला. मग नळीवर दोन बोटं ठेवून, डोळे मिटून तो नुसता उभा राहिला. मागे लोक शिव्या घालत होते. याला पत्ताच नाही! दिवसभर लोकांचे कान तपासणाऱ्या तिने इतकं मन लावून ऐकणारा माणूस आजवर पाहिला नव्हता.

"आता मारा स्टार्टर."

गाडी गुरगुरली आणि चालू झाली. तिचा जीव भांड्यात पडला... आणि स्कार्फ राहिला त्याच्याकडेच.

तो परत घ्यायला ती दुसऱ्या दिवशी गॅरेजात गेली. स्कार्फ धुऊन वाळत घातलेला होता. पेट्रोलचा वास मात्र काही गेला नव्हता. तिथेच, टायरवर बसून, तिने त्याला सगळं सांगितलं. बाबा फौजेत ड्रायव्हर होते. निवृत्तीनंतर हाच ट्रक त्यांनी लिलावात घेतला, स्क्रू न् स्क्रू हाताने पुसला. त्यांच्या पलटणीचा मेळावा दरवर्षी घाटमाथ्यावर भरायचा. गेल्या वर्षी शेवटच्या वळणावर गाडीने मान टाकली आणि पाण्याच्या टँकरने ती ओढत वर नेली, सगळ्या दोस्तांसमोर. त्या दिवसापासून बाबांनी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. यंदा मेळाव्याला जायचंच नाही, म्हणत होते.

"टाकीजवळ एक विजेवरचा पंप बसवू," तो म्हणाला. "जुना पंप तसाच राहील. तो ओढणार, हा मागून ढकलणार. लागेल तेव्हाच चालू करायचा."

"बाबा ऐकायचे नाहीत. गाडीला परकं काही लागलं किंवा एक जरी नवं होल पडलं, तर पुन्हा तिच्यात बसणार नाही म्हणतात. आणि ते बोलतात तसंच करतात."

तो पेन्सिलशी चाळा करत राहिला. "होल नाही पाडणार," शेवटी म्हणाला.

बाबा सकाळी दीड तास फिरायला जात. तेवढ्यात तिच्या घरामागच्या शेडमध्ये चोरपावलांनी काम चालायचं. गाडीच्या जुन्या व्होल्टेजवर चालणारा पंप मिळायला तीन आठवडे लागले. तोवर हा आपला रोज टेप घेऊन हजर! तिने त्याचं नावच 'मोजपट्टी' ठेवून टाकलं.

"आज काय मोजायचं, मोजपट्टी?"

"टाकीपासून इंजिनापर्यंतचं अंतर."

"ते काल मोजलंत ना?"

"काल... नीट लक्ष नव्हतं."

"आणि परवा?"

"परवा तर मुळीच नव्हतं," गाडीखालून उत्तर आलं. ती हसू दाबत टेपचं दुसरं टोक धरून उभी राहिली.

पंप आला. चासीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, पूर्वी कसलातरी दांडा होता, त्याची दोन रिकामी होलं त्याने हुडकून ठेवलीच होती. बोल्ट त्यांत जन्मापासूनचे असल्यासारखे बसले. बटण त्याने ड्रायव्हरशेजारच्या, तिच्या सीटखाली लावलं. "गाडी बाबांची," तो म्हणाला, "काळजी तुमची. म्हणून तुमच्या बाजूला."

तिने बटण दाबलं. टिकटिकटिक... अंधाऱ्या चासीखालून इवलासा आवाज उठला. मग तो हळू झाला. टिक... टिक... आणि थांबला.

"बिघडला?"

"नाही. इंजिनाला पेट्रोल पाजणारी कार्बोरेटरची वाटी भरली. आता इंजिनाने मागितल्याशिवाय पंप देणार नाही."

ती थक्क होऊन ऐकत राहिली. एवढ्या मोठ्या धुडाचा जीव या मूठभर डबीत! आणि ज्या माणसाने तो बसवला त्याने गाडीला ओरखडासुद्धा येऊ दिला नव्हता.

"बाबांना ऐकू जाईल?" त्याने विचारलं.

"शक्यच नाही. त्यांच्या कानांचा आलेख मीच काढलाय."

मेळाव्याच्या दिवशी तिने बाबांच्या नाकदुऱ्या काढल्या. अखेर ते स्टिअरिंगवर बसले. "रस्त्यात मेकॅनिक लागलाच तर" म्हणून मोजपट्टी पाना घेऊन मागे बसला.

घाट सुरू झाला. खाली दरी, वर ऊन, आणि मधोमध ऐंशी वर्षांची ती गाडी एकेक वळण चढत होती. शेवटचं वळण आलं. इंजिन खोकलं. एकदा... दोनदा. बाबांच्या जबड्याची शीर ताठ झाली. तिचा हात सीटखाली गेला आणि तिथेच थिजला. बाबा तिच्याकडेच बघत होते. आत्ता कळलं तर गाडी कायमची सुटली त्यांच्या हातून!

"बघत काय बसलीस?" बाबा खेकसले. "दाब ना ते बटण!"

तिने दाबलं. इंजिनाने एक आचका दिला, श्वास घेतला आणि गाडी गर्जत वळण चढून गेली.

"बाबा... तुम्हाला ऐकू आलं?"

"कान गेलेत माझे, हात नाही. तुम्ही दोघं पंप लावून बघत होतात, तेव्हा मी लवकर परतून शेडच्या दाराला तळवा टेकून बाहेर उभा होतो; टिकटिक हाताला लागली. तुम्ही गेल्यावर सरपटत गाडीखाली गेलो. म्हटलं, एक जरी होल दिसलं तर दोघांची खैर नाही." त्यांनी स्टिअरिंगवरून अंगठा फिरवला. "माझ्या गाडीला इतकं जपून कुणी हात लावला नव्हता गं."

माथ्यावर दोस्तांनी सलाम ठोकले. बाबा तरुणासारखी उडी मारून उतरले. ती मात्र बॉनेटपाशीच रेंगाळली. तोही.

"वीस वेळा मोजलंस ते अंतर," ती म्हणाली. 'तुम्ही' कुठे गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही.

"एकवीस."

"किती भरलं?"

"नऊ फूट चार इंच. पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"मग रोज का यायचास?"

त्याने कानामागची पेन्सिल काढली, पुन्हा लावली. "तुझ्यापर्यंत किती, ते कळत नव्हतं."

तिने गळ्यातला निळा स्कार्फ सोडवला. पेट्रोलचा वास अजून होताच, आणि तो जावा असं तिला मुळीच वाटत नव्हतं. एक टोक तिने त्याच्या हातात दिलं, दुसरं आपल्या मुठीत धरलं आणि हाताभोवती एकेक वेढा गुंडाळत ती त्याच्यापर्यंत आली.

"घे," ती पुटपुटली, "संपलं."

"मोजून झालं असेल तर या!" लांबून बाबांची हाक आली. "चहा गार होतोय!"