उजव्या बाजूची हद्द

त्या सकाळी वडील पुढच्या बागेत कुत्र्याला हद्द शिकवत होते आणि ती पायरीवर चहा पीत बसली होती. बागेला कुंपण नव्हतं. हिरवळ संपली की रस्ता, आणि रस्त्यावर मालाचे ट्रक. वडिलांनी कडेने काड्या खोचून त्यांना लाल चिंध्या बांधल्या होत्या. कुत्रा चिंधीजवळ गेला की ते जीभ टाळूला लावून ‘टक्’ वाजवत आणि आत वळत. तो मागोमाग आला की बिस्किटाचा तुकडा. धडा पक्का झाला की तिथली चिंधी निघे. आता फक्त उजवी बाजू उरली होती. तिकडून शेजारच्या नर्सबाईंच्या अंगणातून थेट रस्ता गाठता येई.

“कुंपणच घाला ना, बाबा.”

“मग तो कुंपणाला मानेल. मला कशाला विचारेल?” ते हसले. “राहा की चार दिवस. उजवी बाजू दोघं मिळून करू.”

“बघते,” ती म्हणाली. दर खेपेला हेच म्हणे.

दुपारी जेवून वडील आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

माणसं येऊन गेली. घर आवरायचं आणि कुत्र्याला घेऊन आपल्या फ्लॅटवर परतायचं, असं तिने ठरवलं. तोवर तो बांधलेलाच बरा. पण एकदा पट्टा निसटला आणि तो उजवीकडे सुसाट सुटला. ती मागे धावली.

उजव्या कडेला ओळीने लावलेल्या गुलाबांच्या पहिल्या झुडपापाशी तो थबकला. आत वळला.

ती प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासायची. एकदा घडलेल्या गोष्टीवर तिचा विश्वास नसे. तिने लांब दोरी बांधून चेंडू फेकला. पहिल्या झुडपापाशी तो पुन्हा वळला; पुढच्या झुडपांमधून मात्र बेलाशक पलीकडे गेला. दोन दिवसांनी तो दुसऱ्या झुडपापाशीही वळू लागला. मग तिसऱ्या.

“छान चाललीय तुमची कुत्र्याची शाळा,” नर्सबाई म्हणाल्या. “माझ्या स्वयंपाकघरात टक्‌टक् ऐकू येतं. अगदी वडिलांसारखं वाजवता हो.”

तिला जीभ वाजवताच येत नसे. लहानपणी वडील त्यावरून चिडवायचे.

“कधी ऐकलंत?”

“हे काय, आत्ताच. तुम्ही भाजी घेऊन…” तिच्या हातातल्या पिशवीकडे बघून बाई थांबल्या. “कुणाचा तरी रेडिओ असेल.”

दोघी हसल्या.

त्यानंतर ती पडद्याआडून बघू लागली. दोरीचं एक टोक पायरीला बांधलेलं, बाकीची गवतात सैल पडलेली. कुत्रा कडेकडेने सावकाश चाले, मान वर, उंच माणसाच्या तोंडाकडे बघितल्यासारखी. थांबे. वळे. बसे. मग काहीतरी चावून खाई. तिने गवत चाचपून पाहिलं. कणही नव्हता. भीती वाटायला हवी होती. पण ती रोज खुर्ची खिडकीच्या जरा आणखी जवळ ओढत होती.

शेवटचं झुडूप झालं, त्या आठवड्यात तिने बॅग भरली.

टॅक्सी रस्त्यावर उभी होती. हिरवळीच्या कडेशी कुत्रा बसला तो बसलाच. ओढून झालं, गोंजारून झालं.

“ताई, त्याला घर सोडवत नाही,” ड्रायव्हर म्हणाला. “माझ्या सासऱ्याची जात आहे.”

अखेर कुत्रा सांभाळायचं नर्सबाईंनी कबूल केलं. ती एकटीच बॅग घेऊन निघाली.

हिरवळ संपली तिथे ती वळली. घराकडे चार पावलं चालून गेल्यावर तिच्या ते लक्षात आलं.

“काही राहिलं का, ताई?”

ती परत निघाली.

परत वळली.

कुत्रा बसल्या जागेवरून बघत होता. तिच्याकडे नाही. तिच्या शेजारी, जरा वर.

तिच्या जिभेवर बिस्किटाची गोड चव आली.

तिने बॅग खाली ठेवली.

“बाबा,” ती म्हणाली, “मला इथे राहायचं नव्हतं. चार दिवससुद्धा नाही. कधीच नाही. आता सोडा मला.”