वाकडी करंगळी

सूनबाई, रडक्या पोरांचे एक्स-रे काढत मी इतकी वर्षं कशी टिकले, विचारतेस ना? ऐक तर.

आमच्याकडे एक पाच वर्षांचा मुलगा वरचेवर यायचा. अखंड बडबड, म्हणून आम्ही त्याला पोपट म्हणायचो. मोडून वाकडी जुळलेली करंगळी नाचवत तो नव्या पोरांना दम द्यायचा, "हलायचं नाही. श्वास धरायचा!" त्याच्या अंगाला कायम खोकल्याच्या गोड औषधाचा वास. त्या खोकल्यातच तो गेला आणि माझं मनच उडालं. महिनाअखेर नोकरी सोडणार, असं तुझ्या सासऱ्यांना सांगूनही टाकलं होतं.

त्याच आठवड्यात, भरदुपारी, मनगट मोडलेली एक मुलगी आली. आई पोटुशी, म्हणून तिला बाहेर थांबवलं. पोरीने किंचाळून खोली डोक्यावर घेतली. कसंबसं तिला टेबलापाशी बसवलं आणि मी काचेमागे गेले.

एकदम शांतता. यंत्राची घरघर तेवढी. पोर निश्चल बसली होती, मी न सांगता श्वास धरून. आणि खोलीत तो गोड वास...

"शहाणी गं माझी! रडू कुठे पळालं?"

"त्याने हात धरला ना," ती हळूच म्हणाली. "गार होता त्याचा..."

फोटोत तिच्या बोटांना दुसऱ्या एका हाताने धरलं होतं. चिमुकला हात. करंगळी वाकडी. चेहरे मी विसरेन, हाडं नाही.

डॉक्टर खेकसले, "दुसऱ्या पोराला आत कशाला घेतलंत?"

मी फोटो पुन्हा काढला. त्यात तिचाच हात होता.

घरी येऊन मी पोटभर रडले, पण नोकरी सोडली नाही. माझं निम्मं काम ते लेकरू करत होतं. त्याला एकटं टाकून कुठे जाऊ? तेव्हापासून कामाला जाताना पाय कधी जड झाले नाहीत.

या गोष्टीला सात वर्षं झाली. अधूनमधून तो हात दिसतो. मनगटातली बारीक हाडं वयाप्रमाणे एकेक करून दिसायला लागतात, त्यावरून आम्ही मुलांचं वय ओळखतो. परवा एका बाळाच्या फोटोत तो पुन्हा दिसला. करंगळी तशीच वाकडी.

पण मनगट, सूनबाई... ते बारा वर्षांच्या मुलाचं होतं.