शेवटच्या ओळीतलं ‘जाते’

गाडी काही एवढ्यात येत नाही, पोरांनो. पसरा त्या पोत्यांवर, आणि गॅदरिंगला कोणतं गाणं घ्यायचं यावरून जी जुंपली आहे ती जरा मिटवा. प्रेमाचं गाणं घ्या नाहीतर देवाचं घ्या, पण शब्द बघून घ्या. हसता काय? हसा. आमचा सहदेवही असाच हसला होता. ही त्याची गोष्ट. सहदेव माझ्या पंक्तीला जेवलेला माणूस. त्याने हे एकदाच सांगितलं. दुसऱ्यांदा विचारलं तर ताटावरून उठून गेला.

सन सहासष्ट. जानेवारीची एकवीस तारीख, शुक्रवार, पौषातली अवस. भुताच्या गोष्टीत अवस हवीच म्हणून मी ती आणून बसवली असं वाटत असेल तर पंचांग काढून बघा. तर त्या दिवशी दिवेलागणीला सहदेव याच नांदुऱ्याच्या स्टेशनावर एक पार्सल सोडवायला आला. हातात मावेल एवढंच पार्सल, मुंबईहून आलेलं. आत एक फिल्म होती. पार्सल त्याने छातीशी धरलं आणि कोणाशी न बोलता खोलीकडे निघाला.

ती फिल्म कशाची, ते आधी ऐका.

सहदेव खामगावला कॉलेजात शिकायचा, नांदुऱ्याहून बसने जाऊन येऊन करायचा. आवाज गोड, अभ्यास बेताचा. त्याचा दोस्त भगवंत म्हणजे कापसाच्या जिनवाल्याचा पोरगा. भगवंताच्या मामाने आफ्रिकेहून हलती चित्रं घेणारा एक कॅमेरा आणला होता. चावी द्यायची की थोडा वेळ फिरायचा. पण मुका. चित्र घ्यायचा, आवाज नाही. भगवंताने डोकं चालवलं, की सिनेमात असतं तसं आपणही एक गाणं पडद्यावर आणायचं. पोरीने नुसते ओठ हलवायचे, आणि गॅदरिंगला पडदा लावला की बाजूला उभं राहून सहदेवाने गायचं. अशी करामत अख्ख्या जिल्ह्यात कोणी केली नसेल, असं तो ज्याला त्याला सांगत सुटला.

गाणं सहदेवाने लिहिलं. पोरगी म्हणून अन्नपूर्णा तयार झाली. ती मूळची उंद्रीची, खामगावला गीताबाई आत्याकडे राहून शिकत होती. आता खरं सांगायचं तर गाणं तिच्यासाठीच लिहिलं होतं, आणि ते तिला कळलंही होतं. बोलणार कोण? त्या काळी वर्गातल्या पोराला ‘भाऊ’ म्हटल्याशिवाय पोरीला तोंड उघडायची सोय नव्हती. ती त्याला ‘सहदेवभाऊ’ म्हणायची, आणि तेवढं ऐकलं की त्या दिवशी याला जेवण गोड लागत नसे. हसू नका. जीव लागला की माणसाचं असंच होतं.

मार्गशीर्षात एका दुपारी सगळे गावाबाहेर गाडवाटेवर गेले. आत्याची अट होती की तीही सोबत येणार. आली, आणि लिंबाखाली सुपारी चघळता चघळता डुलक्या घेऊ लागली. उन्हं कलेपर्यंत काम झकास चाललं. गाडी अडली ती शेवटच्या दोन ओळींवर.

‘ओठ मुके हे माझे, डोळ्यांनी गाते मी,
दिवा तुझ्या दारी ठेवून आता जाते मी.’

“हे मी नाही म्हनत,” अन्नपूर्णा म्हणाली. “घरातून निघतानी कोनी ‘जाते’ म्हनते काय? ‘येते’ म्हनतात. मायनं आयकलं तं मारीन मले.”

“अवो, पन वर ‘गाते’ हाये ना,” सहदेव म्हणाला. “‘गाते’ले ‘येते’ कसं जुळन?”

“तुमचं जुळो का न जुळो. अभद्र बोलाले लावून राह्यले तुमी मले.”

“आवाज थोडीच येनार हाये? नुसते होट तं हालवाचे हायेत.”

“होट हालवले का म्हटल्यासारखंच झालं, सहदेवभाऊ.”

कॅमेऱ्यामागून भगवंत ओरडला, “दिवस बुडून राह्यला बे! काय म्हनाचं ते म्हना, पन उभे राहा!”

उभी राहिली. सहदेव कॅमेऱ्याच्या बाजूला उभा राहून गाऊ लागला. त्याला एक खोड होती. सूर लागला की त्याचे डोळे मिटायचे. शेवटची ओळ त्याने जीव ओतून म्हटली, डोळे मिटून. उघडले तेव्हा ती पदर सावरत हसत होती. भगवंताचं लक्ष उन्हाकडे, आत्या झोपलेली. ती काय म्हणाली ते कोणीच पाहिलं नव्हतं.

“काय म्हटलं मंग?” सहदेवाने हळूच विचारलं.

“फिल्म आली का पायजा,” ती म्हणाली. मान वळवली, आणि ‘भाऊ’ म्हणायचं विसरली. की गाळलं? सहदेव घरी जाईपर्यंत तेवढ्याचाच विचार करत होता.

फिल्म धुवायला मुंबईला गेली. नाताळच्या सुट्टीत अन्नपूर्णा उंद्रीला गेली, ती तिथेच तापाने पडली. मोतीझिरा. संक्रांतीचे तीळ घरात यायच्या आत पोरगी गेली.

सहदेवाला उशिरा कळलं. धावत उंद्रीला गेला. ओट्यावर माणसं बसली होती. कोणी तरी विचारलं, “कोन बावा तुमी?” काय सांगणार? “वर्गातला हाये,” म्हणाला. पाणी दिलं, प्यायला, उठला. रडायचाही हक्क नव्हता त्याला तिथे. बसमध्ये मात्र तोंडात रुमाल कोंबून बसला होता.

आणि परतताना त्या एका शब्दाने त्याला धरलं. ‘जाते.’ ती नको म्हणत होती. आपणच यमकासाठी हट्ट धरला. आपणच तिच्या तोंडून वदवलं. त्या दिवसापासून त्याला घास जाईना. तिने ‘जाते’ म्हटलं की नाही, एवढं कळल्याशिवाय त्याच्या जिवाला थारा नव्हता, आणि ते फक्त फिल्ममध्ये होतं.

म्हणून तो त्या रात्री पार्सल छातीशी धरून चालला होता. फिल्म दाखवायचं मशीन भगवंताकडून आधीच आणून ठेवलं होतं. भगवंत म्हणाला, “मी येतो संगं.” हा म्हणाला, “नाही. मले एकट्यालेच पायचं हाये.”

खोली झुंबरबाईच्या घराच्या मागल्या अंगाला. दार बोळात उघडायचं. झुंबरबाई पुढे राहायची, ऐकायला कमी, आणि आठच्या आत झोपायची. सहदेवाने आतून खिट्टी लावली. भिंतीवर धुतलेलं धोतर ताणलं. दिवा मालवला. मशीन घरघरू लागलं.

धोतरावर गाडवाट आली. कोपऱ्यात आत्या जांभई देत होती. आणि मग ती आली. चालत, हसत, उन्हाने डोळे बारीक करून. सहदेवाच्या घशातून आपोआप गाणं निघालं, अगदी हळू, तिच्या ओठांना धरून. शेवटची ओळ आली. या वेळी त्याने डोळे उघडे ठेवले.

आता तुम्हीच म्हणून बघा. ‘जा’ म्हणायला तोंड पुरतं उघडावं लागतं. तिचं उघडलं नाही. ओठ बाजूला ताणले गेले, दात जरासे दिसले.

ये... ते... मी.

सहदेव ढसाढसा रडला. पण सुखाने, बरं का. तिने आपलं ऐकलं नव्हतं! अभद्र बोलून गेली नव्हती ती. भरल्या घरातून निघावी तशी ‘येते’ म्हणून गेली होती. त्याने डोळे पुसले, फिल्म उलटी गुंडाळली, पुन्हा लावली.

पुन्हा तेच. येते मी. किती गोड म्हणत होती!

तिसऱ्यांदा लावली. तिसऱ्यांदा तो गायला नाही, नुसता बघत राहिला. शेवटी ती जिथे थांबायची तिथे थांबली नाही. एक पाऊल पुढे आली. फिल्म संपली.

नजर चुकली असेल. झोप नाही, पोटात अन्न नाही. असं मनाशी म्हणून त्याने चौथ्यांदा लावली.

गाडवाट. लिंब. आत्या नव्हती... लिंबाखाली कोणीच नव्हतं.

ती आली. हसत नव्हती. चालत राहिली. थांबायची जागा मागे पडली. चेहरा मोठा होत गेला. अख्खं धोतर भरलं. आणि ती समोर बघत नव्हती... बाजूला बघत होती. त्या दिवशी तो जिथे उभा राहून गात होता तिकडे. आज तो बसला होता तिकडे.

ओठ हलले.

सहदेवाने वायर उपटली.

अंधार. चाक थोडं फिरलं. थांबलं.

मग काहीच नाही. बोळात कुत्रं नाही. वारा नाही.

मग लांबून चप्पल. फरफटत येणारी. आजारातून उठलेलं माणूस चालतं तशी. चार पावलं... थांबली. दम घेतल्यासारखी. पुन्हा...

दाराशी आली.

बाहेरची कडी वाजली. हळूच. एकदा.

“अजी...”

आवाज तिचाच. ‘सहदेवभाऊ’ नाही. अजी. ही हाक आपल्याकडे बायको नवऱ्याला मारते, ते तुम्हाला सांगायला नको. ज्या उत्तरासाठी तो महिनाभर झुरला ते दाराबाहेर उभं होतं. एवढं लाकूड मध्ये होतं, बस.

“अजी... येते म्हटलं होतं ना मी.”

आणि सहदेवाने काय केलं असेल? तिच्यासाठी जीव टाकणाऱ्या त्या पोराने खिट्टी दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरली. श्वासही घेईना, की तिला कळेल.

“थंडी हाये लय बाहीर...”

त्याने खिट्टी आणखी दाबली.

“हाये ना तुमी घरात?”

तो गप्प.

किती वेळ गेला कोण जाणे. दाराच्या फटीशी श्वास लागल्यासारखा वाटला. मग तोही मागे सरला.

“बरं...”

...

“जाते मी.”

चप्पल वळली. फरफटत निघाली. बोळाच्या तोंडापर्यंत ऐकू आली... मग नाही.

तेव्हा कुठे त्याचे हात सुटले. ‘जाते’ ऐकलं आणि त्याचं काळीजच फाटलं. भीती गेली कुठच्या कुठे! “अन्नपूर्णा! अवो, थांबा! हाये मी! घरातच हाये!” असं ओरडत त्याने खिट्टी काढली, दार ओढलं.

दार उघडेना.

पुन्हा ओढलं. हिसडे दिले. लाथा घातल्या. बोटं सोलली. उजाडेपर्यंत तो त्या दाराशी झटत होता, हाका मारत होता. शेवटी आवाज बसला. तो गाता गळा पुढे कधी नीट उघडला नाही. गॅदरिंगला भगवंताने आग्रह केला तेव्हा त्याने नुसती नकाराची मान हलवली.

सकाळी झुंबरबाई दूध घेऊन बोळात आली. दार आतून हललेलं दिसलं म्हणून तिने कडी काढून उघडलं, तर समोर हा जमिनीवर बसलेला, बोटं रक्ताळलेली, डोळे सुजलेले. बाई दचकली.

“काऊन रे सहदेवा? आत हायेस तं बाहीरून कडी कोनं घातली?”

कडी बाईने घातली नव्हती. भगवंत तिकडे फिरकला नव्हता. बोळात दुसरं घर नव्हतं.

“मी तं माघारी चालली होती,” झुंबरबाई म्हणाली. “कडी पायली, मले वाटलं, घरात कोनीच नाही.”