बॅग हानेदाला, उल्का नारिताला

कोंबिनीच्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानाच्या, वजनकाट्यावर उल्काची बॅग चढली आणि काउंटरमागची मुलगी गोड हसून काहीतरी पुटपुटली. जपानात कुणी इतकं गोड हसलं की समजावं, काम काही होत नाही. "आता काय झालं?" उल्का स्वतःशीच म्हणाली.

"वजन जास्त झालंय," मागून अस्सल पुणेरी मराठीत आवाज आला. "काहीतरी काढावं लागेल."

उल्काने वळून पाहिलं. एक तरुण उभा होता. बाहेरच्या पावसाने भिजलेले केस, चष्म्यावर थेंब, हातात ओनिगिरीचं, म्हणजे भाताच्या मुटक्याचं, पाकीट. तिने बॅग उघडून वरची पिशवी काढली.

"भाजणी?" त्याने वास घेऊनच ओळखलं. "कुठे निघालात?"

"युरोपात. डॅन्यूब नदीवर क्रूझ आहे."

"आणि बोटीवर थालीपीठ लावणार?"

"तिथल्या स्वयंपाक्याला पटवणार होते. आता ही तुम्हीच ठेवा."

"आणि मला जमलं नाही तर... कुणाला विचारू?"

नंबर मागायची ही तऱ्हा उल्काला आवडली. तिने तो दिलाही.

ती, सलोनी आणि अनघा कॉलेजच्या मैत्रिणी. तेव्हापासून या सफरीचे बेत चालले होते. एकदा कोरोना आडवा आला, एकदा अनघाचं प्रोजेक्ट. आता तिघीही नोकरीनिमित्त टोकियोजवळच्या उरायासूत होत्या आणि परवाचं विमान होतं. इथल्या रीतीप्रमाणे सामान आधीच कुरियरने विमानतळावर पाठवायचं आणि आपण हात हलवत जायचं. पण नुकत्याच आलेल्या उल्काचं जपानी 'सुमिमासेन'पाशीच, म्हणजे 'माफ करा'पाशीच, अडकलेलं. म्हणून त्या दिवशी दुकानात तिने त्या चष्मेवाल्याला सांगितलं, "नारिता विमानतळ, परवा दुपारी," आणि त्याने तिच्याकडे बघत बघतच काउंटरवर सगळं सांगून टाकलं. तो काय बोलला ते तिने ऐकलंच नाही. तीही बघतच होती ना.

त्याचं नाव निहार. चिबातल्या एका संस्थेत संशोधन करायचा, प्रयोगांसाठी सारखा सप्पोरोला जायचा. दुसऱ्या दिवशी त्याने करपलेल्या थालीपिठाचा फोटो पाठवला. "हे मी खाऊ की जाळायच्या कचऱ्यात टाकू?" उल्का ऑफिसात एकटीच हसत बसली.

निघायच्या दिवशी बसमधून तिने त्याला कळवलं, "निघालो एकदाच्या. नारिताच्या बसमध्ये आहे."

लगेच फोन वाजला.

"नारिता?" त्याचा आवाज उतरला होता. "उल्का... मी हानेदा सांगितलं. सप्पोरोला मी त्या विमानतळावरूनच जातो, सवयीने तोंडातून तेच गेलं. बॅगेत महत्त्वाचं काही?"

उल्काने कपाळावर हात मारला. घरी विसरेल या धास्तीने तिने सगळ्यात आधी बॅगेत काय ठेवलं असेल, तर पासपोर्ट.

"पावतीचा फोटो पाठवा," तो म्हणाला. "मी हानेदाला निघालो."

नारिताला पोचल्यावर सलोनी तिच्यावर तोंडसुख घेत होती, अनघा घड्याळ बघत होती. "तू नाही आलीस तर आम्हीही जाणार नाही," अनघा म्हणाली, आणि उल्काला रडूच कोसळलं. इतक्या वर्षांचा बेत आपल्या एका वेंधळेपणाने बुडणार, आणि तोही एका चष्मेवाल्यापायी. राग मात्र काही केल्या येईना.

चेक-इन बंद व्हायच्या बेतात होतं, तेव्हा तो धावत आला. एका हातात तिची बॅग, शर्ट घामाने चिंब. उल्काने तिथेच बसकण मारून बॅग उघडली. पासपोर्ट होता. अनघाने तो हिसकावून काउंटरवर नेला, सलोनी बॅग ओढत तिच्यामागे.

"हानेदा कसं काय तोंडातून गेलं पण?" उल्काने डोळे पुसत विचारलं.

"तुमच्याकडे बघत होतो... दुसरं काही सुचत नव्हतं." त्याने चष्मा काढून पुसला, तो आधीच स्वच्छ होता. "अजून एक सांगायचंय. कुरियरवाल्या बाई दुसऱ्याची बॅग देईनात. नातं काय, विचारत होत्या. मी... होणारा नवरा म्हणालो."

उल्काचे गाल तापले.

"खोटं बोललो. परत गेलो की त्यांची माफी मागतो."

"उल्का, चल!" सलोनीने हाक मारली.

ती उठली. दोन पावलं गेली, आणि मागे वळली.

"माफीची घाई करू नकोस," ती म्हणाली. आपण त्याला 'तू' म्हटल्याचं तिच्या लक्षातही आलं नाही. त्याच्या मात्र आलं. "आमचं परतीचं विमान हानेदालाच उतरतं. तिथे घ्यायला ये. मग त्या बाईंना दोघं मिळूनच भेटू, आणि माफी मागायची की नाही ते तिथे ठरवू."