काचेबाहेरचा झेंडू

"थांबा! फुलं घेऊन आत यायचं नाही!"

दारात एक पांढरं भूत उभं होतं. पायघोळ झगा, टोपी, मोजे, तोंडावर मास्क... दिसत होते ते फक्त डोळे. आणि डोळे तरी कसे! रागावलेल्या माणसाचे डोळे इतके हसरे असू नयेत, असं मला तिथल्या तिथं वाटून गेलं.

पण मीही काही कमी नव्हते. खंडेनवमीची सकाळ होती. बाहेर आमचा छोटा हत्ती टेम्पो उभा होता आणि त्यात नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या निम्म्या कारखान्यांचे झेंडूचे हार होते. परतीच्या पावसानं मखमलाबादचा आमचा मळा झोडपून काढलेला. जे वाचलं ते माझ्या वडिलांनी, आप्पांनी, आणि मी चिखलात उभं राहून तोडलेलं. एवढं करून आणलेल्या फुलांना कुणी दारात अडवावं?

"अहो, आज लेथला हार घालतात, ड्रिलला घालतात, गेटवरच्या वजनकाट्यालासुद्धा घालतात," मी म्हणाले. "तुमच्या मशीननंच काय घोडं मारलंय?"

"ही क्लीन रूम आहे, धुळीचा कणही चालत नाही इथं. झेंडूची पिवळी भुकटी आमच्या बिजागरीत गेली ना, तर ती वर जाऊन अडकेल."

"वर म्हणजे?"

त्यानं बोट आढ्याकडे केलं. मग जरा विचार करून आणखी उंच केलं. "आकाशात."

"आकाशाला दार बसवताय की काय?"

डोळे हसले. मग त्यानं समजावून सांगितलं. उपग्रह जातो तो पंख मिटून. वर पोचला की पंख उघडतात, त्यांच्यावर ऊन पडतं, त्या उन्हाची वीज होते. ते पंख उघडणारी बिजागरी इथं, या खोलीत तयार होत होती. ती वर एकदाच उघडणार. नाही उघडली, तर दुरुस्तीला कोण जाणार?

काचेपलीकडच्या टेबलावर ती दिसत होती. रुपेरी, तळहाताएवढी. सणासुदीला बिनफुलाची.

मला राहवेना. गाडीतून चिकटपट्टी आणली आणि काचेला बाहेरून, बरोबर तिच्यासमोर, एक हार लावून टाकला. "घ्या. ती आत, फूल बाहेर. आता तर चालेल?"

भूतानं मान वाकडी करून त्या हाराकडे बघितलं. "हे... हे चालेल."

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, गंगापूर रोडवरच्या आमच्या दुकानासमोर ही गर्दी! निळ्या शर्टातला एक मुलगा पुन्हा पुन्हा मागं सरत होता, बाकीच्यांना पुढं जाऊ देत होता.

"बोला दादा, तोरण की हार?"

त्यानं नुसता तळहात उचलला आणि तोंडावर धरला. वर उरले फक्त डोळे...

"ओळखलं!" मी ओरडलेच. हातातली आपट्याची पानं खाली सांडली.

त्याचं नाव प्रफुल्ल. मी सृष्टी. नावं सांगून झाली तरी तो तिथंच उभा. शेवटी आप्पांनीच विचारलं, "काय रं पोरा, लय येळ झाला, काय हवंय तुला?" तेव्हा त्यानं गडबडीत समोरचं सगळ्यात मोठं तोरण उचललं. भाड्याच्या एका खोलीत राहणारा मुलगा, त्याच्या दाराला ते तोरण दुहेरी करून लावावं लागलं म्हणे.

मग तो येत राहिला. पण फक्त रविवारी.

"बाकीचे दिवस काय उपास असतो का?" मी विचारलं.

"तुझ्या अंगाखांद्यावर झेंडू असतो. तुला भेटून आत गेलो तर धूळ मोजणारं मशीन बोंब मारेल." मग खाली बघून म्हणाला, "शनिवारपर्यंत कसंबसं काढतो."

असं काहीतरी बोलायचा आणि सुई घेऊन हार गुंफायला बसायचा. बिजागरीत केसाएवढा फरक ओळखणारा माणूस, पण फुलं ओवायला लागला की हार वाकडा तो वाकडाच. ते वाकडे हार मी विकायची नाही. दुकानाच्या मागच्या खिळ्याला लावून ठेवायची. का, ते माझं मलाही कबूल करायचं नव्हतं.

माघातल्या एका संध्याकाळी आम्ही गंगापूर धरणाच्या काठी बसलो होतो. पाण्यावर हलकं धुकं उतरत होतं. पलीकडचा डोंगर निळा, मग जांभळा, मग नाहीसाच झाला.

"सृष्टी, आपल्याकडची पोरं शिकली की पुण्याला जातात, नाहीतर बेंगळुरूला," तो म्हणाला. "आता आकाशाचं काम इथं यायला लागलंय. बघशील तू. निफाडची द्राक्षं, लासलगावचा कांदा आणि अंबडच्या बिजागऱ्या! एक दिवस चंद्रावर आपल्या माणसांची खोली होईल. खोली म्हटली की दार आलं. दार म्हटलं की..."

"बिजागरी आली. आणि दाराला तोरण?"

"तेही तुझ्याकडूनच."

मी हसले, पण तो हसला नाही. पाण्यात एक खडा टाकून म्हणाला, "मला तुला काहीतरी विचारायचंय. पण... बिजागरी उघडल्यावर."

"का?"

तेव्हा कुठं खरं बाहेर आलं. बिजागरी उघडली तर पुढच्या ऑर्डरी मिळणार होत्या, क्लीन रूम वाढणार होती, तो नाशिकलाच राहणार होता. नाही उघडली, तर शुभांगी मॅडम ती खोली बंद करणार होत्या. कंपनी त्यांचीच, पण एवढा तोटा त्यांना झेपणारा नव्हता. मग त्याला हैदराबादची नोकरी धरावी लागली असती.

"तुझा मळा इथं, आप्पा इथं. तुला काय मुळासकट उपटून नेऊ? त्यापेक्षा आधी विचारायलाच नको."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. "म्हणजे माझं उत्तर तू एका लोखंडाच्या तुकड्यावर टाकलंस?"

"लोखंड नाही, टायटॅनियम..."

"गप्प बस!"

त्यानंतरच्या रविवारी तो आला, तर मी मळ्यात निघून गेले. पुढच्या रविवारीही तसंच. दुकानामागच्या खिळ्यावरचे हार सुकून गेले आणि मी रोज ठरवत राहिले की आज काढून टाकायचे.

मग एका सकाळी बातमी आली, उपग्रह गेला! सुखरूप वर पोचला. पंख दुपारी उघडणार होते.

मी परडी भरली आणि गाडीला किल्ली मारली. आप्पा फक्त म्हणाले, "दमानं चालव."

कारखान्यातली सगळी माणसं कॅन्टीनमधल्या टीव्हीसमोर दाटीवाटीनं उभी होती. प्रफुल्ल त्यांच्यात नव्हता. झाडझूड करणाऱ्या सिंधुबाईंनी मला नुसती मान हलवून वाट दाखवली.

तो काचेपलीकडे एकटाच उभा होता, पांढऱ्या झग्यात. आणि काचेच्या अलीकडे... माझा खंडेनवमीचा हार. सुकून तपकिरी झालेला, चिकटपट्टी दोनदा बदललेली.

"कुणाला हात लावू देईनात साहेब त्याला," सिंधुबाई हळूच म्हणाल्या आणि निघून गेल्या.

माझा सगळा राग तिथंच विरघळला. मी काच वाजवली. तो दचकला, धावत दारात आला.

"सृष्टी, निकाल अजून..."

"म्हणूनच आले. विचार. आत्ता. तो यायच्या आधी."

त्यानं मास्क खाली ओढला. "नाहीच उघडली तर मी कुठं असेन, मलाच माहीत नाही. तरी... माझ्याशी लग्न करशील?"

"करीन. हैदराबादलाही लोक देवाला फुलं वाहतात. मळा आप्पा बघतील, आणि मी येऊनजाऊन राहीन. पण मला विचारायचं ते मला बघून विचारायचं, आकाशाकडे बघून नाही. हो. हो म्हणते मी."

आणि हा पठ्ठ्या पळाला! मला तिथंच सोडून, कॅन्टीनकडे, सुसाट. मी परडी घेऊन आ वासून उभी. आतून काही आवाज नाही... काहीच नाही... आणि मग असा काही गलका उठला की खिडक्यांच्या काचा थरथरल्या.

तो परत आला तेव्हा त्याचे गाल ओले होते. "उघडली! दोन्ही पंख... सृष्टी, ऊन पडलं त्यांच्यावर!"

"आणि मी काय म्हणाले ते ऐकलंस तरी का?"

"ऐकलं म्हणून तर पळालो. तू नाही म्हणाली असतीस, तर ती उघडली काय नि मिटली काय!"

आणि त्यानं मला परडीसकट जवळ ओढलं. झेंडू आमच्या दोघांमध्ये चुरगळला. बाजूला झालो तेव्हा त्याचा तो पांढराशुभ्र झगा छातीपासून बाह्यांपर्यंत पिवळाधमक झाला होता.

दारात सिंधुबाई, त्यांच्यामागं शुभांगी मॅडम, आणि त्यांच्यामागं अख्खं कॅन्टीन.

"अगं बया! साहेबांना हळद लागलीसुद्धा!" सिंधुबाई म्हणाल्या.

सगळे हसले. आयुष्यात कधी नाही ती मी लाजले. कुठं बघावं कळेना, म्हणून तळहात उचलला आणि तोंडावर धरला.

प्रफुल्ल माझ्या डोळ्यांकडे बघत राहिला.

"ओळखलं," तो म्हणाला.